श्रमदानाचा शनिवार टाइमशीटमध्ये कुठे लिहायचा?

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मेल येतो. उद्या सकाळी सात वाजता वाकडच्या पुलाखालून बस सुटेल, टी-शर्ट बसमध्येच मिळतील, नाश्त्याची सोय केली आहे, सहभाग ऐच्छिक आहे. पाच मिनिटांत मॅनेजर खुर्चीशेजारी येऊन उभा राहतो. "येतोयस ना रे उद्या? आपल्या टीमची नावं कमी पडतायत." एवढं विचारून झालं की 'ऐच्छिक' या शब्दात काही उरत नाही. आठवडाभर हिंजवडी आयटी पार्कच्या फेज थ्रीपर्यंत ये-जा केलेला माणूस शनिवारी पुन्हा सहाला उठतो, टेकडीवर रोप लावतो, बॅनरमागे उभा राहून फोटो काढतो आणि दुपारी तीनला घरी पोचतो. आठवड्याचं दळण, आईचा दवाखाना, मुलीचा गॅदरिंगचा ड्रेस हे सगळं रविवारवर जातं. सोमवारी तो दमलेलाच येतो.

पुण्यातल्या कंपन्यांमध्ये सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) आणि एचआर सांभाळणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. मुद्दा एकच आहे: समाजासाठी जो वेळ कंपनीला द्यायचाय तो तिने स्वतःच्या कामाच्या तासांतून द्यावा, कर्मचाऱ्याच्या सुट्टीतून काढू नये. हे कसं जमवायचं ते खाली सविस्तर लिहिलंय.

आधी कायदा, कारण निम्मे गैरसमज तिथूनच येतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात ५०० कोटींची नेट वर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता), १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतला एक जरी आकडा गाठला असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. यात कर्मचाऱ्यांशी संबंधित दोन गोष्टी आहेत. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांना फायदा देणारा उपक्रम सीएसआरमध्ये धरला जात नाही. म्हणजे पाळणाघर, व्यायामशाळा, समुपदेशक यांचा खर्च वेगळा, त्याला हे पैसे लावता येत नाहीत. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कर्मचाऱ्यांनी श्रमदानात घातलेल्या वेळेची रुपयांत किंमत काढून ती २ टक्क्यांत दाखवता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढून हे सांगितलंय: लोकांना सहभागी करून घ्या, पण त्यांच्या वेळेची किंमत खर्चात मोजू नका. मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळ्यासारखे एकदाच होणारे कार्यक्रमही त्यात बसत नाहीत.

याचा सरळ अर्थ असा की शनिवारी साठ माणसं टेकडीवर नेली तरी कंपनीच्या कायदेशीर जबाबदारीतला एक रुपयाही फिटत नाही. मग ती न्यायची ती दोनच कारणांसाठी: समोरच्या संस्थेला खरोखर हात हवेत म्हणून, आणि आपल्या माणसांना त्या कामात अर्थ सापडतो म्हणून. दोन्ही कारणं चांगली आहेत. पण दोन्हींसाठी शनिवारच लागतो असं नाही.

आता टाइमशीट, म्हणजे कोणत्या कामाला किती तास गेले याची नोंद. बहुतेक आयटी कंपन्यांत अडचण इथे असते, आणि ती सोडवली नाही तर बाकी कितीही चांगलं नियोजन असो, लोक येत नाहीत. महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १७६ तास. युटिलायझेशनचं, म्हणजे एकूण तासांपैकी क्लायंटच्या कामाला लागलेल्या तासांचं, टार्गेट ८५ टक्के धरलं तर साधारण १५० तास बिलेबल (क्लायंटकडून ज्यांचे पैसे घेता येतात असे) दाखवावे लागतात. कंपनी म्हणते, वर्षाला दोन दिवस व्हॉलंटियरिंगची भरपगारी रजा आहे, जरूर घ्या. माणूस एक दिवस घेतो. त्याचे बिलेबल तास १४२ होतात. भागाकार मात्र अजूनही १७६ नेच होतो आणि आकडा येतो ८०.७ टक्के. डॅशबोर्डवर लाल रंग दिसतो. पुढच्या महिन्यात तो दिवस घेत नाही, आणि त्याच्या शेजारचाही घेत नाही. यावर उपाय एका ओळीचा आहे. व्हॉलंटियरिंगसाठी टाइमशीटमध्ये वेगळा कोड उघडायचा आणि त्या कोडवरचे तास भाजकातूनच वजा करायचे. १४२ भागिले १६८ म्हणजे ८४.५ टक्के. माणूस टार्गेटपाशीच राहतो. हा कोड 'इतर' किंवा 'बेंच' (हातात प्रकल्प नसलेले) या सदरात टाकू नका. बेंचवर गेलेला माणूस अशी नोंद झाली की पुढे तिचे अर्थ भलतेच निघतात. डिलिव्हरी विभागाच्या, म्हणजे क्लायंटचं काम पूर्ण करून देणाऱ्या विभागाच्या, प्रमुखाने हा बदल लेखी मान्य केल्याशिवाय उपक्रम जाहीरच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तासांचा हिशोब आणखी एका कारणासाठी करावा लागतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १० तासांवर न्यायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ मात्र तसेच ठेवले. आता रोजचे ९ तास धरून पाच दिवसांचे ४५. शनिवारी सात ते तीन, आणखी ८. आठवड्यात दोन रात्री परदेशातल्या क्लायंटशी तासा-तासाचे कॉल झाले की बेरीज ५५ होते. या ५५ च्या आकड्यापाशी थांबायला हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या वरच्या ५५ च्या बेरजेत घर ते ऑफिस हा प्रवास धरलेला नाही. भूमकर चौकातल्या कोंडीत रोज जाणारा वेळ ज्याचा त्याने मिळवावा.

उत्पादकतेचंही तसंच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदी स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी तपासल्या. एका मर्यादेपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढतं, त्यापुढे वाढ मंदावत जाते, आणि ७० तास राबलेल्यांचं उत्पादन ५६ तास काम केलेल्यांपेक्षा फारसं वेगळं दिसत नाही. हाताने करायच्या, मोजता येणाऱ्या कामाची ही गत. कोड तपासणं, ताळेबंद जुळवणं, रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमधली चूक शोधणं अशा कामात दमलेल्या डोक्याची चूक त्या दिवशी दिसतसुद्धा नाही. ती तीन आठवड्यांनी वर येते.

आता शनिवारच्या त्या साठ माणसांकडे परत येऊ. साठ माणसं, आठ तास, म्हणजे ४८० तास. लावली २०० रोपं. एका रोपामागे जवळपास अडीच तास झाले, आणि त्यातलं किती जगेल हे त्या दिवशी ठरतच नाही. वृक्षारोपण कुठे फसतं ते नीट सांगायला हवं, कारण पुण्यात सीएसआर म्हटलं की पहिली सूचना हीच येते.

पहिली चूक कॅलेंडरची. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पाऊस जूनमध्ये येतो. पैसे उरलेत म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेलं रोप उन्हाळ्यात वाळतं. नियम यातून वाट देतात. संचालक मंडळाने प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला असेल तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. झाडांच्या कामाला ही सोय चपखल बसते, कारण झाडालाही तीन वर्षंच लागतात. मार्चमध्ये घाई करायचं कारण उरत नाही. अप्रेझल (कामाचं वार्षिक मूल्यमापन) आणि वर्षअखेरीच्या ओझ्याखाली असलेल्या माणसांना त्याच महिन्यात टेकडीवर न्यायचंही कारण उरत नाही.

दुसरी चूक खड्ड्याची. टेकडीवर दोन इंच मातीखाली मुरूम लागतो. तिथे दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा एप्रिल-मेमध्येच काढून उन्हात तापू द्यावा लागतो. वरची माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या बाजूला, आणि भरताना माती व शेणखत आधी. हे काम सवयीच्या माणसांचं आहे, त्यांना त्याची मजुरी द्या. ऑफिसातल्या माणसाने कुदळ मारली की तासाभरात तळव्याला फोड येतो आणि खड्डा सहा इंचांवर थांबतो. तिसरी चूक पिशवीची. रोप पिशवीसकट खड्ड्यात गेलेलं दर खेपेला कुठे ना कुठे सापडतं. पिशवी ब्लेडने उभी कापायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, तळाशी गोल गुंडाळलेली मुळं तेवढी छाटायची, आणि रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल ठेवायचं. मग माती पायाने दाबायची, नाहीतर आत पोकळी राहते आणि मुळं सुकतात. उतारावर खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घातला की पाणी थांबतं.

यानंतरचं काम कुणाच्याच फोटोत नसतं. ऑक्टोबरमध्ये गवत वाळायला लागलं की रोपाभोवती तीन फुटांचं वर्तुळ साफ करायचं. डिसेंबरपर्यंत जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून केलेले मोकळे पट्टे) काढायच्या, कारण फेब्रुवारीपासून वणवे लागतात आणि एका दुपारी तीन वर्षांचं काम जातं. पहिले दोन उन्हाळे पाणी. जागाही बघायला हवी. सासवडच्या बाजूचे गवताळ माळ ओसाड वाटतात म्हणून तिथे झाडं लावली जातात, पण तो माळ हेच लांडग्यांचं आणि माळावरच्या पक्ष्यांचं घर आहे. तिथे झाडं लावूच नयेत.

तेच ४८० तास वेगळ्या तऱ्हेने वापरता येतात. वीस माणसं, आठ गुरुवार, दर खेपेला तीन तास. दुपारी दोनला निघायचं, पाचला परत. हिंजवडीपासून माण, मारुंजी, नेरे, जांभे ही गावं जवळ आहेत आणि तिथे जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. शाळेसाठी शनिवार तसाही गैरसोयीचा, त्या दिवशी सकाळची अर्धी शाळा असते. गुरुवार सुचवतोय कारण सोमवार आणि शुक्रवार रिलीज, आढावा बैठका आणि रजा यांत जातात. परवानगी आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची घ्यायची, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांची. ही गावं मुळशी तालुक्यातली, त्याचं पंचायत समितीचं कार्यालय पौडला आहे. पत्रात नेमकं काय शिकवणार, कोण येणार, किती वाजता येणार हे लिहायचं. येणाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची. वर्गात कायम दोन मोठी माणसं, मुलाबरोबर एकट्याने कुणी बसायचं नाही, पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचा फोटो नाही. यात सवलत देऊ नका.

आठ आठवडे तीच माणसं का हवीत, त्याचं एक छोटं उदाहरण. ५२ वजा २७. तिसरी-चौथीतली बरीच मुलं याचं उत्तर ३५ लिहितात. सात मोठे, दोन लहान, म्हणून सातातून दोन वजा करून पाच. पाचातून दोन गेले तीन. मूल निष्काळजी नसतं, त्याने स्वतःचा एक नियम बनवलेला असतो: मोठ्यातून लहान वजा करायचं. फळ्यावर बरोबर रीत पुन्हा लिहून हा नियम मोडत नाही. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड लागतात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवायच्या आणि सांगायचं, यातल्या सत्तावीस मला दे. ते दोन गठ्ठे देतं, सात सुट्या शोधतं, हातात दोनच असतात. तिथे थांबायचं आणि गप्प बसायचं. काही वेळाने ते स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर काढतं. हातचा म्हणजे काय ते त्या क्षणी त्याच्या बोटांना कळतं. पुढच्या गुरुवारी ते निम्मं विसरलेलं असतं, त्याच्या पुढच्या गुरुवारी चित्र काढून करतं, चौथ्या गुरुवारी आकड्यांत लिहितं. दर वेळी नवा माणूस आला तर प्रत्येक गुरुवार पहिलाच ठरतो.

एकगठ्ठा माणसं लागतात अशीही कामं आहेत. गणेश विसर्जनाच्या दिवशी घाटांवर निर्माल्य वेगळं करायला कितीही हात पुरत नाहीत. कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुण्यात हे काम करते. काम संध्याकाळचं, दोन-तीन तासांचं, दिवस ठरलेले, आणि नवख्यालाही जमणारं. नदीकाठच्या सफाईला मात्र पावसाळ्यात जाऊ नका. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल बघता बघता पाण्याखाली जातो. इतर वेळी जाड रबरी हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का याची चौकशी, आणि गोळा केलेला कचरा कोण, कधी उचलणार हे क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाशी आधी ठरलेलं हवं. नाहीतर भरलेल्या गोण्या तिथेच पडून राहतात, कुत्री त्या फाडतात आणि चौथ्या दिवशी काठ होता तसाच.

हिशोब, लेखा, वायरिंग ही कौशल्याची कामं कुणाला सुचत नाहीत, पण लहान संस्थांची खरी अडचण तीच असते. कंपनीकडून सीएसआरचा निधी घ्यायचा तर संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. खर्चाचा ताळमेळ आणि विनियोग प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं प्रमाणपत्र) वेळेत द्यावं लागतं. तुमच्या फायनान्समधल्या दोन माणसांनी महिन्यातून एक दुपार दिली तर ते काम मार्गी लागतं.

चाकण, रांजणगाव, भोसरीच्या कारखान्यांचं गणित वेगळं. लाइनवरचा माणूस तीन तास उठून जाऊ शकत नाही, गेला तर त्याचा भार शेजारच्यावर पडतो आणि दोघांत कटुता येते. तिथे रिलिव्हर, म्हणजे त्याच्या जागी उभा राहणारा बदली माणूस, आधी ठरवायचा, मग नाव लिहायचं. मेंटेनन्सचे फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे शाळांना सर्वांत उपयोगी पडतात. अर्थिंग तपासणं, उघड्या वायरी बंदिस्त करणं, पाण्याच्या टाकीचा बॉलकॉक बदलणं, ही अर्ध्या दिवसाची कामं वर्षानुवर्षं अडलेली असतात. तरी सीएसआरच्या मेलच्या यादीत ही माणसं नसतात, कारण त्यांच्याकडे कंपनीचा मेल आयडीच नसतो. शॉप फ्लोअरच्या नोटीस बोर्डावर मराठीत सूचना लावा.

यश मोजायचं कसं? 'एकूण व्हॉलंटियर तास' हा आकडा सोडून द्या. तो मोठा करायचा सोपा मार्ग म्हणजे जास्त माणसांना जास्त वेळ बसमध्ये बसवणं. टीमचा सहभाग टक्क्यांत मॅनेजरच्या अप्रेझलला जोडला की सक्ती आपोआप येते, आणि तिचा फटका घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्यांना बसतो, त्यातही बायकांना अधिक. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात आलेल्यांपैकी आठव्या आठवड्यात किती जण उरले ते बघा. संस्थेने पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावलं का ते बघा. याच तक्त्यात आणखी तीन रकाने घाला: रात्री आठनंतर गेलेले मेल, वर्षअखेरीला वाया गेलेल्या रजा, आणि सोमवारी ऐनवेळी पडलेल्या सुट्ट्या. हे आकडे वाईट असतील तर श्रमदान वाढवून ते सुधारत नाहीत. आनंदी माणसं स्वयंसेवेला जास्त येतात, त्यावरून स्वयंसेवेने माणसं आनंदी झाली असा निष्कर्ष अहवालात लिहू नका. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. पण शुक्रवारी साडेसहाचा मेल सोमवारी सकाळी पाठवायला कायदा लागत नाही.

आणि शनिवार टाळताच आला नाही, विसर्जनासारखा दिवस ठरलेलाच असला, तर बदली सुट्टी द्या. साप्ताहिक सुट्टी गेली तर दोन महिन्यांच्या आत तिच्या बदल्यात रजा द्यायची, असं आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. श्रमदानालाही तोच नियम लावा आणि तारीख त्याच पत्रात टाका. यादी करताना सही करून गेलेल्या साठ जणांपाशी थांबू नका. बसचा ड्रायव्हर पाचला डेपोतून निघालेला असतो. कॅन्टीनमधल्या दोघी-तिघी पोह्यांसाठी चारलाच कांदा चिरायला बसलेल्या असतात. गेटवरच्या सिक्युरिटीने टी-शर्टचे खोके उतरवून घेतलेले असतात. ही सगळी कंत्राटदाराची माणसं, त्यामुळे तुमच्या सिस्टिममध्ये त्यांची रजा दिसत नाही. कंत्राटदाराला वर्क ऑर्डर देतानाच त्या दिवसाची मजुरी आणि बदली सुट्टीची तारीख, दोन्ही नावानिशी लिहून घ्या, आणि पुढच्या बिलासोबत हजेरीपत्रकाची प्रत मागा.